फळीची लेव्हल

आमच्या ह्यांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते तिचं वजन सांगतात. वजनमापं खात्यात निरीक्षक होते. उभी नोकरी दुकानादुकानांतून तराजूतली खोट काढण्यात गेली, त्यामुळे हातच काट्यासारखा झाला. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा भाजी घेऊन आले, तर पिशवी हातात घेऊन म्हणाले, "फसवलं तुला त्याने. बटाटे कमी दिलेत." कौतुक बाजूलाच राहिलं. मुलगी झाली तेव्हाही नर्सच्या आधी ह्यांनीच तिचं वजन सांगितलं. नर्सने खात्री करायला बाळ काट्यावर ठेवलं आणि मग ह्यांच्याकडे अशी बघत राहिली, की तेवढ्या थकव्यातही मला हसू आलं.

असा माणूस खोटं बोलेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. आणि त्या खोट्याला मी वर तिखटमीठ लावीन, हे तर मी ऐकूनच घेतलं नसतं.

झालं ते सगळं एका फळीवरून.

हे निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसातल्या मंडळींनी ह्यांना छोटी आगगाडी भेट दिली. एक इंजिन, काही डबे आणि रुळांचे तुकडे. तपासणीला निघाले की हे वाटेतल्या पुलावर थांबून गाड्या बघत बसायचे, म्हणून ही चेष्टा. सगळे पोट धरून हसले. हे हसले नाहीत. घरी आल्यावर खोका मांडीवर घेऊन बराच वेळ बसले आणि म्हणाले, "लहानपणी मागितली होती मी. मिळाली नाही." मी म्हटलं, "आता मिळाली ना? मग चेहरा का असा?"

गाडी हॉलच्या फरशीवर मांडली, तर दर फेरीला एकाच जागी घसरायची. ह्या छंदाचं सामान विकणारा एक दुकानदार ह्यांनी शोधून काढला. तो म्हणाला, "रूळ, डोंगर, स्टेशन सगळं मागाहून. आधी खालची फळी. ती सपाट नसेल तर गाडी घसरणार, आणि तुम्ही शिव्या देणार इंजिनला." झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात 'सपाट' या एका शब्दाचा जप सुरू झाला. हे जेवणाच्या टेबलावर लेव्हलची नळी ठेवून बघत. नळीतला बुडबुडा मधोमध आला नाही, की माझ्याकडे अशा नजरेने बघत, जणू टेबल मीच तिरकं केलंय.

नवं प्लायवूड आणलं, तर ते भिंतीला टेकवल्या जागी महिनाभरात वाकलं. दुसरं आणलं, त्याने पहिल्याची री ओढली. दुकानदार म्हणाला, मुरलेली फळी हवी, वर्षानुवर्षं वापरातली, जिचं काय वाकायचं ते वाकून झालंय अशी. हे घरभर फिरून कपाटाची दारं थोपटत बसले. मग एका सकाळी लेकीच्या खोलीतून हाक आली, "अगं, इकडे ये. हे बघ."

लेकीच्या बेडवरची गादी ह्यांनी गुंडाळून बाजूला ठेवली होती. खालच्या फळीवर नळी होती आणि बुडबुडा मधोमध, जागचा हलत नव्हता.

मी म्हटलं, "तिला विचारा आधी."

"काय विचारायचं? तिचं घर आहे ना तिकडे? वर्षातून एकदा येते, तीही जावयांबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी परत. दोघं झोपतात हॉलमध्ये. हा बेड कुणासाठी ठेवलाय?"

खरंच होतं ते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण उत्तर नसणं वेगळं आणि करवतीखाली फळी घट्ट धरून उभं राहणं वेगळं. ती मी धरली होती. हे सांगायला हवं, नाहीतर सगळं पाप एकट्या ह्यांच्या माथी जाईल.

बेडचे पाय निघाले. कडेच्या पट्ट्यांची चौकट झाली. डोक्याकडची गोल कडेची फळी, जिला टेकून तिने सगळ्या परीक्षांचा अभ्यास केला, ती आधाराला खालून आडवी ठोकली. चौकट सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर चढवली, त्यांच्या पायांखाली पाचरी सारून सारून बुडबुडा मध्यावर आणला. काम म्हणाल तर नजर लागावी असं. एकच अडचण होती. फळीवर मधोमध इस्त्रीचा डाग होता.

हा डाग आमच्या ओळखीचा. लेकीच्या पहिल्या मुलाखतीचा दिवस होता. गादी गुंडाळून ती फळीवरच इस्त्री करत होती, तेवढ्यात फोन वाजला आणि इस्त्री तशीच राहिली. शर्ट जळला, खालची चादर जळली, फळीवर इस्त्रीचा टोकदार तपकिरी ठसा उठला. पोर रडून रडून बेजार. हे तेव्हा एक शब्द रागावले नाहीत. कपाटातून आपला पांढरा शर्ट काढला, तिला घातला, बाह्या दुमडून दिल्या आणि म्हणाले, "आता कॉलर ताठ ठेव, म्हणजे कुणाला कळणार नाही." बापाच्या शर्टात गेली आणि नोकरी घेऊन आली.

त्या डागात ह्यांनी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरली. ती वाळल्यावर काचकागदाने घासली, आडवी, मग उभी, मग गोल. हात फिरवला तर काचेवर फिरवल्यासारखा. वर पांढरा प्रायमर दिला. ओला असेपर्यंत सगळं एकसारखं पांढरं दिसलं. वाळला, आणि मधोमध पिवळट टोक वर आलं. दुसरा हात दिला, पुन्हा तेच. जळक्या डागावर आधी लाखेचा हात द्यायचा असतो, म्हणजे तो वर येत नाही, हे मागाहून कळलं. दुकानदाराला आधी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे डाग कशाचा, फळी कुठली, हे आलं. ते सांगायला ह्यांची जीभ रेटेना, आणि तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ह्यांच्या मनालाही हे टोचतंय.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. "आई, थोडे दिवस आले तर चालेल का?"

मी म्हटलं, "विचारतेस काय? घर कुणाचं आहे?"

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं, की हिने आजवर कधी विचारलं नव्हतं. नुसतं कळवायची. पण तो विचार मी पुढे नेला नाही, कारण समोर ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बेडचं काय सांगायचं?"

"खरं सांगा. कापला म्हणावं. चार शब्द बोलेल नि गप्प बसेल."

"बोलली तर ठीक," हे म्हणाले. "नाही बोलली तर?"

लेक आली तेव्हा ह्यांचे दोन्ही हात रंगाने बरबटलेले होते. त्यामुळे दोन मोठ्या बॅगा तिने स्वतःच जिना चढवून आणल्या. दार उघडलं तर ती धापा टाकत होती आणि हसत होती. एकटीच होती. जावयांचं विचारलं तर म्हणाली, "कामात आहे तो." मग सवयीने सरळ आपल्या खोलीकडे गेली आणि उंबऱ्यावर थांबली.

खोलीभर ती फळी होती. चारी बाजूंनी भिंतीलगत फक्त एक माणूस सरकेल एवढी जागा.

"माझा बेड कुठाय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे फडक्याने एक एक बोट पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "वॉचमनला दिला. त्याची आई बिचारी जमिनीवर झोपायची."

मी तिथेच गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण लेकीची नजर माझ्याकडे वळली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हो ना. म्हातारीला पाठदुखी आहे. फार दुवा दिला तिने."

कशासाठी बोलले मी? अजून मला कळत नाही. ह्यांचं खोटं उघडं पडू नये म्हणून मी त्याला कपडे घातले, एवढंच.

लेक म्हणाली, "बरं केलंत. नाहीतरी पडूनच होता." मग तिने फळीवर हात फिरवला. "छान झालीय, बाबा. एकदम गुळगुळीत."

ह्यांनी मान खाली घातली आणि रंगाचा डबा उगाच ढवळायला लागले.

तिची गादी हॉलमध्ये घातली. बॅग कुठे ठेवू म्हणून मी ती सरकवायला गेले, तर जागची हलेना. चेन थोडी उघडी होती. आत वर लोकरीचा कोट होता. बाहेर अंगाची काहिली होत होती, आणि ही कोट घेऊन आली होती. कोटाखाली तिची उशी, तिचा आरसा, चपलांचे जोड. मी चेन लावून टाकली. माझी लेक काही थोड्या दिवसांसाठी आली नव्हती. तिकडचं घर ती बॅगेत भरून घेऊन आली होती, आणि ते तोंडाने सांगायला तिला धीर होत नव्हता. मला विचारायला धीर होत नव्हता. पोरीने आपण होऊन सांगावं, तिला ओशाळं वाटू नये, असा मी स्वतःशी बहाणा केला. खरं तर उशाशी एक खोटं घेऊन मी तिच्याकडून खरं कुठल्या तोंडाने मागणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाव आणायला खाली गेली आणि बऱ्याच वेळाने वर आली. चेहरा नेहमीसारखाच. चहा पिता पिता तिने ह्यांना गाडीबद्दल शंभर प्रश्न विचारले. बोगदा कुठे, स्टेशन कुठे, वळण किती. हे खुलले. कितीतरी दिवसांनी बापलेक असे बोलत होते, आणि मला वाटलं, निभावलं आपलं.

मग ती खोलीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा, ही फळी भिंतीकडे सरकवली तर इथे एक खाट मावेल नाही? साधीशी. घडीची असली तरी चालेल."

सहज विचारल्यासारखं विचारलं, पण मला तिचा आवाज कळतो. सगळं त्या प्रश्नातच होतं. ती बेड मागत नव्हती. मला इथे राहता येईल का, हे विचारत होती.

आणि हे गडबडून म्हणाले, "नाही नाही. हलवू नको. हलवली तर लेव्हल जाईल."

ह्यांना भीती कसली होती ते मला ठाऊक होतं. फळी सरकवायची म्हणजे एका बाजूने उचलायला हवी, आणि उचलली की खालची गोल कडेची फळी दिसणार. पण लेकीला काय ऐकू आलं असेल? बापाने खेळण्यातल्या गाडीसाठी लेकीला खाटेएवढी जागा नाकारली. मी स्वयंपाकघरात उभी होते. हातातलं भांडं खाली ठेवून बाहेर येऊन दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो? मी मूग गिळून उभी राहिले आणि तेच भांडं पुन्हा पुन्हा घासलं.

"बरं," लेक म्हणाली. "लेव्हल महत्त्वाची."

संध्याकाळी ह्यांनी शेवटचा हात द्यायला घेतला. फिकट मातकट रंग होता, जमिनीचा. लेक म्हणाली, मीही लावते. दोघं समोरासमोरून रंग लावत मध्यापर्यंत आले. मी दारात स्टुलावर बसून बघत होते. सबंध फळी ओली, एकसारखी, सुरेख. हे खूश झाले आणि म्हणाले, "बघ, आता कसा बसलाय." काय बसलाय ते तिला कळायचं कारण नव्हतं. पण आम्हा दोघांना कळत होतं.

पंखा चालू होता. रंग कडेने वाळत मधे येत गेला, आणि मधोमध तो डाग हळूहळू वर यायला लागला. आधी टोक, मग दोन्ही बाजू, मग मागची सरळ कड. अख्खी इस्त्री. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी ब्रश डब्यात बुडवला आणि तो बाहेर काढायचंच विसरले.

लेकीने त्या डागाकडे बराच वेळ बघितलं. वाटलं, आता बोलेल. ओरडेल. ओरडली असती तर मी तिचे पाय धरले असते.

ती म्हणाली, "इथे तळं करा, बाबा. झाकलं जाईल."

एवढं बोलून ब्रश धुवायला गेली.

त्यानंतर हे जेवले नाहीत. मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "उभा जन्म मी लोकांच्या मापाला शिक्के मारले." तिच्याशी जाऊन बोला म्हटलं, तर म्हणाले, "उद्या." मीही म्हटलं, उद्या. उद्यावर टाकायची कला आम्हा दोघांनाही चांगली साधते.

सकाळी उठून बघते तर लेकीने गादी गुंडाळून ठेवली होती आणि बॅगा दाराशी लावल्या होत्या. म्हणाली, "ऑफिसातून फोन आलाय. जायला हवं."

"इतक्या लवकर?"

"परत येईन ना." कुठे जाणार ते तिने सांगितलं नाही. तिकडच्या घरी, की मैत्रिणीकडे, की आणखी कुठे. मी डब्यात काहीबाही भरायला लागले. काय भरलं ते मलाच माहीत नाही.

खाली गाडी येऊन उभी राहिली. लेकीने बॅगेला हात घातला, तेवढ्यात हे पुढे झाले. "थांब, मी घेतो." त्या दिवशी हात रंगाचे होते म्हणून राहिलं होतं. आज ह्यांनी पहिल्यांदाच तिची बॅग उचलली.

उचलली आणि तसेच थांबले.

मग जिना उतरायला लागले. मी पाण्याची बाटली घेऊन मागे, लेक दुसरी बॅग घेऊन माझ्या मागे. हे एका हातातून दुसऱ्या हातात बॅग घेत होते, आणि ते ओझं झालं म्हणून नव्हे. तराजू संशयाचा वाटला की हे तसंच करत, दोन्ही हातांना विचारून घेत. फाटकापाशी वॉचमन खुर्चीवर बसला होता. ड्रायव्हरने डिकी उघडली. ह्यांनी बॅग डिकीत ठेवली नाही. खाली पायाशी ठेवली आणि तिच्यावरचा हात काढला नाही.

"ही बॅग थोड्या दिवसांची नाही," हे म्हणाले.

लेकीने दुसरी बॅग खाली ठेवली.

"खाट मावेल तिथे. फळी सरकवतो."

"लेव्हल जाईल, बाबा."

"जाऊ दे." ह्यांचा आवाज फाटला. "बेड मी कापला. कुणाला दिला नाही. फळी तीच आहे. खोटं बोललो मी तुझ्याशी."

"माहीत आहे मला."

"डाग वर आला म्हणून..."

"डागाच्या आधीच," लेक म्हणाली. तिने आवाज खाली आणला, कारण वॉचमन चार हातांवर होता. "पाव आणायला गेले होते तेव्हा वॉचमनना विचारलं मी, आईंची पाठ कशी आहे म्हणून. आई त्यांची कधीच गेली. मागच्या थंडीत."

मागच्या थंडीत. रोज आमच्यासाठी फाटक उघडणाऱ्या माणसाची आई गेली होती, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि त्या गेलेल्या बाईला मी जमिनीवरून उचलून आमच्या बेडवर निजवलं होतं, तिची पाठ दुखवली होती, तिच्या तोंडून स्वतःसाठी दुवा घेतला होता.

"मग खाटेचं विचारलंस ते?" ह्यांनी विचारलं.

"म्हटलं, आता तरी सांगाल." लेकीचे डोळे भरून आले. "मला बेडचं काही नव्हतं हो, बाबा. मला फक्त कुणीतरी माझ्याशी खरं बोलायला हवं होतं. तिकडे ते कितीतरी दिवस झालेलं नाही."

ह्यांनी बॅग उचलली आणि जिन्याकडे वळले. मागे वळून बघितलं नाही, बघवत नव्हतं म्हणून. लेक क्षणभर उभी राहिली, मग ड्रायव्हरला नको म्हणून सांगून त्यांच्या मागे गेली. वरच्या वळणावरून तिचं हुंदका देणं ऐकू आलं, आणि ह्यांचं, "सावकाश, पायरी मोडकी आहे."

मी खालीच राहिले. रिकामी गाडी निघाली तसा वॉचमन उठला, फाटक उघडलं, परत लावलं. मग माझ्या हातातली बाटली बघून पुढे आला आणि म्हणाला, "द्या, मी वर आणून देतो. ताई राहणार ना आता?"

मी हो म्हणाले. तो हसला. म्हणाला, "बरं झालं. फार चांगल्या आहेत ताई. काल माझ्या आईची एवढी आठवणीने चौकशी केली. या इमारतीत तेवढं एकट्या त्यांनीच विचारलं."

मी बाटली त्याच्या हातात दिली. त्याच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.